धागा घडतो तो बाथमध्येच

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर सूत घ्यायला आलेला माणूस कोन हातात घेतो, वजनाचा अंदाज बांधतो, हातभर धागा ओढून बोटावर फिरवतो आणि भाव विचारतो. डेनियर किती, लॉट कुठला, उधारी किती दिवसांची, एवढ्यावर सौदा होतो. हा धागा किती तापलेल्या आणि किती अ‍ॅसिडच्या पाण्यातून आला, हे कुणी विचारत नाही. माझी सगळी नोकरी व्हिस्कोस रेयॉनच्या स्पिनिंग खात्यात गेली. निवृत्तीनंतर नाक्याजवळच्या एका यार्नच्या गाळ्यात माझी ऊठबस असते. दोन्ही टोकं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. मागावर दिसणारे रेयॉनचे बरेचसे दोष मागावर जन्मलेले नसतात. धागा बाथमधून बाहेर पडतो तेव्हाच ते त्यात बसलेले असतात. पुढे सायझिंगवाला, मागवाला किंवा डाईंगवाला, कुणालाही ते काढता येत नाहीत.

हा धागा फार लांबून येतो असंही नाही. कोनगाववरून कल्याण गाठलं की पुढे शहाडला सेंच्युरी रेयॉन आहे, १९५६ सालापासूनची. जवळच मोहोन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन होती, आमच्या तोंडी ‘एनआरसी’. तिचं काम २००९ साली बंद पडलं. रेयॉनला पाणी भरपूर लागतं आणि तेही मऊ. उल्हास नदीच्या आसऱ्याने हा धंदा इथे रुजला आणि भिवंडीच्या मागांनी त्याचं कापड केलं. मी कुठल्या गेटातून आत जात होतो ते महत्त्वाचं नाही, रसायन सगळीकडे एकच आहे. त्या खात्यात आणि नंतर नाक्यावर जे समजलं, ते मागवाल्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो.

१. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात धागा घडून जातो

नाक्यावर हल्ली बोलबाला पॉलिस्टरचा आहे. पॉलिस्टरची कताई सरळ असते. चिप्स वितळवायच्या, बारीक भोकांतून ढकलायच्या, हवेच्या झोतात गार करायच्या. रसायन बदलत नाही, फक्त पातळाचं घट्ट होतं. रेयॉनला ही सोय नाही. लाकडाच्या पल्पमधला सेल्युलोज वितळतच नाही, तापवला तर जळतो. म्हणून पल्पच्या शीट १७-१८ टक्के कॉस्टिकमध्ये भिजवायच्या, पिळायच्या, श्रेडरमध्ये कुसकरायच्या आणि काही काळ मुरू द्यायच्या. मग चर्नरमध्ये कार्बन डायसल्फाइड द्यायचा, सेल्युलोजच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश. त्यातून जो नारिंगी झँथेट होतो तो पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवला की व्हिस्कोस तयार. त्यात सेल्युलोज ७ ते ९ टक्के, कॉस्टिक ५ ते ७ टक्के, बाकी बहुतेक पाणीच. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी १८९२ साली इंग्लंडमध्ये याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून मूळ कृती फारशी बदललेली नाही.

हा दाट द्राव जेटच्या भोकांतून अ‍ॅसिडच्या बाथमध्ये सोडतात. कॉस्टिक मरतं, झँथेट फुटतो, कार्बन डायसल्फाइड सुटतो आणि सेल्युलोज पुन्हा सेल्युलोज होतो, फक्त आता धाग्याच्या रूपात. धागा मिनिटाला ९० मीटर वेगाने ओढला जात असेल तर सेकंदाला दीड मीटर झाले. बाथमधला प्रवास ३० सेंटिमीटरचा धरला, तर त्याला ०.२ सेकंद मिळतात. तेवढ्यात द्रव गोठायचा, बाहेरची साल धरायची आणि आतल्या साखळ्या ओढीच्या दिशेने लागायच्या. पुढे काही क्षण, धागा ओढणाऱ्या चाकावर म्हणजे गोडेटवर आणि फिरत्या पॉटमध्ये, प्रक्रिया चालू राहते. पण धाग्याचा स्वभाव ठरतो तो त्या पहिल्या ०.२ सेकंदातच. कापड महिन्यांनी विणलं जातं, साडी वर्षानुवर्षं नेसली जाते आणि तिची मजबुती, चमक आणि रंग घेण्याची ताकद ठरते ती एवढ्याशा वेळात. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

२. अ‍ॅसिड, सॉल्ट, झिंक: तिघांची कामं वेगळी

नवीन पोरगं खात्यात आलं की त्याला वाटायचं, बाथ म्हणजे अ‍ॅसिड. बाथच्या एका लिटरमध्ये अ‍ॅसिड ढोबळमानाने ११० ते १४० ग्रॅम असतं, पण सोडियम सल्फेट त्याच्या दुप्पट, २४० ते २८० ग्रॅम. वर १० ग्रॅमच्या आसपास झिंक सल्फेट. तापमान ४५ ते ५० अंश. नुसतं अ‍ॅसिड चालत नाही हे १९०५ च्या सुमाराला जर्मन रसायनतज्ज्ञ म्युलरने दाखवलं. आजही जाणकार या बाथला त्याच्याच नावाने ओळखतात.

सॉल्टचं काम पाणी ओढून घेण्याचं. ते जेटमधून आलेल्या द्रवाला आधी गोठवतं, म्हणजे धाग्याला आकार येतो. अ‍ॅसिडची धारही सॉल्टमुळे थोडी बोथट होते. अ‍ॅसिडचं काम झँथेट फोडून सेल्युलोज मोकळा करण्याचं. आणि झिंकचं काम त्या अ‍ॅसिडला सबुरीने घ्यायला लावण्याचं. झिंक सालीपाशी झँथेटला धरून ठेवतं. झिंकचा झँथेट सोडियमच्या झँथेटपेक्षा सावकाश फुटतो, म्हणून धागा अजून ओला, लवचीक असतानाच त्याला ओढायला सवड मिळते. ओढून साखळ्या सरळ झाल्या की मगच सेल्युलोज पक्का होतो.

हे गणित बिघडलं की काय होतं ते आम्ही मशीनवर उभे राहून पाहत असू. अ‍ॅसिड वाढलं किंवा बाथ जास्त तापला, की सेल्युलोज ओढ मिळण्याआधीच पक्का होतो. मग ओढायला गेलं तर धागा तुटतो, न ओढला तर कमजोर राहतो. आत गॅसचे बारीक बुडबुडे अडकून तो दुधट दिसतो आणि चमक जाते. अ‍ॅसिड कमी पडलं तर उलटं. धागा कच्चा राहतो, फिलामेंट एकमेकांना चिकटतात, गोडेटवर लडबडतात. म्हणून प्रयोगशाळेचा माणूस बाथचा नमुना घेऊन जायचा आणि टायट्रेशनचा आकडा येईपर्यंत खात्याचं लक्ष त्याच्याकडे असायचं. लिटरमागे दोन-तीन ग्रॅमचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. डाईंगमध्ये तो किरकोळ राहत नाही.

रेयॉनचा फिलामेंट आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याची कड गोल दिसत नाही, दंतुर दिसते. द्राक्षाचा मनुका होतो तसंच हे घडतं: साल आधी धरते, आतलं पाणी नंतर जातं, आणि मोठी झालेली साल आतल्या लहान गराभोवती सुरकुतते. साल आणि गर यांची घडणही वेगळी. सालीतले स्फटिक बारीक आणि बांधणी घट्ट, त्यामुळे रंग तिच्यातून सावकाश आत जातो. बाथ बदलला की सालीची जाडी बदलते आणि सालीची जाडी बदलली की रंगाची छटा बदलते. कापडावरच्या पट्ट्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. डाईंग मास्टरला शिव्या घालण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवं.

झिंक वाढवून आणि दुसऱ्या गरम बाथमध्ये भरपूर ओढून याच व्हिस्कोसमधून टायर कॉर्ड निघते. साध्या धाग्याची ताकद डेनियरला २ ग्रॅमच्या आसपास असते, टायर कॉर्डची दुपटीच्या घरात जाते. कच्चा माल एकाच जातीचा आणि मशीनही त्याच धर्तीचं. फरक पडतो तो बाथच्या आणि ओढीच्या आकड्यांनी.

३. व्हिस्कोस पिकत राहतो, तो आपल्यासाठी थांबत नाही

विरघळलेला व्हिस्कोस लगेच कातता येत नाही. त्याला गार खोलीत, साधारण १८ ते २० अंशांत, पिकू द्यावं लागतं. त्या काळात झँथेटचे गट सुटत-बसत साखळ्यांवर सारखे पसरतात आणि हळूहळू कमी होतात. कोवळा व्हिस्कोस बाथमध्ये उशिरा गोठतो, जास्त पिकलेला झटकन. ही पिकण्याची गरज चार्ल्स टोपम या इंग्रज कारागिराच्या ध्यानात आली. फिरत्या पॉटमध्ये धाग्याला पीळ देत केक बनवण्याची युक्तीही त्याचीच, १९०० सालची. पॉट स्पिनिंगच्या खात्यात आजही टोपमचाच पॉट फिरतो आहे.

पिकलं किती हे मोजायची रीत मला नेहमी आवडली, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही. २० ग्रॅम व्हिस्कोस ३० मिलिलिटर पाण्यात ढवळायचा, त्यात १० टक्क्यांचा अमोनियम क्लोराइडचा द्राव थोडा थोडा सोडायचा आणि किती मिलिलिटरला तो गोठतो ते लिहायचं. आकडा मोठा म्हणजे कोवळा, लहान म्हणजे पिकलेला. दाटपणा मोजायला तर नुसती पोलादी गोळी. नळीत भरलेल्या व्हिस्कोसमधून २० सेंटिमीटर खाली जायला तिला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचं. हे दोन आकडे आणि बाथचे तीन आकडे यांचा मेळ बसला की धागा चांगला चालतो. एकटा कुठलाही आकडा पुरेसा नाही. व्हिस्कोस जास्त पिकला असेल तर बरोबर अ‍ॅसिडसुद्धा त्याला जास्त होतं.

आमच्या कल्याण-भिवंडीच्या मे महिन्यात याची खरी परीक्षा. चिलिंगची मशीन बंद पडली, किंवा वीज गेली आणि स्पिनिंग थांबलं, तर टाकीतला व्हिस्कोस पिकतच राहतो. तापमान जरा चढलं की पिकण्याचा वेग वाढतो. फार वेळ गेला तर टाकीत आणि पाइपात त्याचा घट्ट गोळा होतो आणि तो उकरून काढणं हे माणसाचं रक्त आटवणारं काम आहे. म्हणून अनुभवी फोरमन वीज आल्यावर आधी मशीन चालू करत नाही, आधी पिकण्याचा आकडा मागतो. मग बाथमध्ये काय बदल करायचा ते ठरवतो.

४. वजन बरोबर आलं म्हणजे धागा बरोबर असं नाही

हे मागवाल्यांनी नीट वाचावं, कारण तराजूवर त्यांचा फार विश्वास.

डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. जेटच्या भोकाच्या मापावर ते ठरत नाही. पंप मिनिटाला किती व्हिस्कोस देतो आणि धागा किती वेगाने ओढला जातो, या दोघांवर ठरतं. १२० डेनियरचा धागा मिनिटाला ९० मीटर निघत असेल तर वजन होतं १.२ ग्रॅम. त्यासाठी पंपाला साधारण १३-१४ ग्रॅम व्हिस्कोस द्यावा लागतो.

आता जेट बघा. सोनं-प्लॅटिनमच्या मिश्रधातूची छोटी टोपी, कारण आतून कॉस्टिक आणि बाहेरून अ‍ॅसिड, दोन्ही सोसणारा धातू स्वस्त नसतो. आमच्याकडे जेट रजिस्टरवर सही करून मिळायचे आणि सही करून परत जायचे. टोपीच्या तळाला ६०-७० मायक्रॉनची भोकं, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी. समजा ३० भोकं आहेत आणि त्यातलं एक बुजलं. न विरघळलेल्या पल्पचा कण असेल, कँडल फिल्टरमधून निसटलेलं काही असेल किंवा भोकाच्या ओठावर साचलेली गंधक-झिंकची खपली असेल. पंप मात्र तेवढाच व्हिस्कोस देत राहतो. तो उरलेल्या २९ भोकांतून जातो. धाग्याचं एकूण वजन तेच, डेनियर तेच, तराजू खूश. पण प्रत्येक फिलामेंट सुमारे साडेतीन टक्क्यांनी जाड झाला. दोन-तीन भोकं बुजली तर फरक आणखी वाढतो. जाड फिलामेंट वेगळ्या वेगाने गोठतो, त्याची साल आणि गर यांचं प्रमाण बदलतं आणि रंग वेगळा बसतो.

गाळ्यात असा वाद आला की मी काळ्या मखमलीचा तुकडा काढतो. दोन्ही कोनांचे बोटभर धागे त्यावर ठेवतो, पीळ उलगडतो, टाचणीने फिलामेंट वेगळे करतो आणि भिंगाखाली मोजतो. पद्मानगरचा एक मागवाला एकदा स्वतः मोजायला बसला. एका धाग्यात ३० भरले, दुसऱ्यात २८. त्याने मान वर केली आणि म्हणाला, “काका, काट्यावर तर दोन्ही सारखेच होते.” होतेच. काटा खोटा नव्हता. काट्याला फिलामेंट मोजता येत नाहीत, एवढंच.

५. ओढ ताकद देते आणि ताण सोसण्याची जागा खाते

धागा जास्त ओढला की मजबूत होतो हे खरं, पण त्याची लांबण्याची क्षमता कमी होते. साध्या व्हिस्कोस फिलामेंटला तुटण्याआधी १८ ते २२ टक्के लांबायला जागा असावी. ताकदीचा आकडा दाखवायला ओढ वाढवली तर धागा कागदावर चांगला दिसतो, मागावर मात्र ताण्यात तडातड तुटतो. ओढ एका पॉटला एक आणि शेजारच्याला दुसरी मिळाली तर त्याहून वाईट. गोडेटवर धाग्याला एक वेढा कमी बसला तरी फरक पडतो. त्यात रेयॉन ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. पावसाळ्यात भिवंडीच्या शेडमध्ये हवेतला दमटपणा वाढला, साइझ मऊ पडली, की आधीच ताणून आलेला धागा पहिला बोलतो.

६. केकची आतली बाजू आणि बाहेरची बाजू सारखी नसते

पॉटमध्ये धागा बाहेरून आत साठत जातो आणि केक तयार होतो. हा केक धुतात आणि मग वाळवतात. वाळताना रेयॉन आकसतो. केकच्या सगळ्या थरांना आकसायला सारखी मोकळीक मिळत नाही, म्हणून बाहेरच्या थरातल्या आणि आतल्या थरातल्या धाग्यात थोडा फरक पडतोच. चांगला कारखाना तो फार कमी ठेवतो, पण शून्य करता येत नाही. कंटिन्युअस स्पिनिंगच्या धाग्यात ही अडचण येत नाही, कारण तिथे धागा धावता धावताच धुतला आणि वाळवला जातो. त्याचा भाव जास्त असतो, तो उगीच नव्हे.

आता हे मागावर कसं उतरतं? साध्या मागावर बाण्याची कांडी संपली की नवी लागते. एक कांडी केकच्या बाहेरच्या थरातून भरलेली आणि पुढची आतल्या थरातून, असं झालं की ग्रे कापडात काही कळत नाही आणि रंगवल्यावर पट्टा उठतो. माझ्याकडे तागा घेऊन येणाऱ्याला मी आधी कडा बघायला सांगतो. पट्टा जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो त्या दोन्ही जागा सुरीने कापल्यासारख्या तीक्ष्ण असतील आणि पट्ट्याची रुंदी एका कांडीच्या विणण्याएवढी असेल, तर दोष सुताकडे आहे. पट्टा हळूहळू चढत आणि हळूहळू उतरत असेल तर आधी मागाचा बीम सुटण्याचा ताण तपासा. एवढं पाहिलं तरी निम्मी भांडणं मिटतात. उपायही अवघड नाही: बाण्याला दोन कोन आलटून पालटून घेणारा माग असेल तर तसं लावावं, नाहीतर एका ताग्याला शक्यतो एकाच पेटीतले कोन वापरावेत.

७. बाथ गार होऊ देऊ नये

थोडक्यात सांगतो. सोडियम सल्फेट ३२ अंशांच्या आसपास पाण्यात सगळ्यात जास्त विरघळतं. त्याखाली पाणी गार होत गेलं की विरघळणं झपाट्याने घटतं आणि ग्लॉबर सॉल्टचे खडे पडतात. कारखाना हे मुद्दाम करतो, क्रिस्टलायझरमध्ये, कारण प्रक्रियेत सॉल्ट सारखं नव्याने तयार होत असतं. ते काढून साबण-पावडर आणि काच करणाऱ्यांना विकलं जातं. पण बंद पडलेल्या मशीनच्या पाइपात हेच खडे पडले की बाथ सगळ्या जेटना सारखा पोचत नाही. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर सुरुवातीचा माल म्हणूनच वेगळा ठेवायचा असतो.

८. धुण्यात केलेली काटकसर वर्षभराने बाहेर येते

बाथमधून आलेल्या ताज्या केकमध्ये अ‍ॅसिड असतं, सॉल्ट असतं आणि गंधकही असतो. गरम पाण्याने अ‍ॅसिड काढायचं, सोडियम सल्फाइड किंवा सल्फाइटने गंधक काढायचा, हवं तर ब्लीच, शेवटी सॉफ्ट फिनिश. धुणं अपुरं राहिलं तर त्या दिवशी काहीच कळत नाही. राहिलेलं अ‍ॅसिड गोदामात सेल्युलोज खात बसतं, धागा पिवळसर पडतो आणि हातात कुरकुरीत लागतो. जुना लॉट स्वस्तात घेणाऱ्यांना मी सांगतो: धाग्याची लांब गुंडी ओली करून लिटमस कागद दाबा. लाल झाला तर स्वस्तात घेऊ नका, फुकटातही घेऊ नका.

९. धाग्याच्या परिस्थितीत माणसाची परिस्थितीही मोजावी लागते

बाथचं तापमान, वेग आणि अ‍ॅसिड वाढवलं की प्रक्रिया जोरात होते, आणि तेवढ्याच जोरात कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू सुटतात. उत्पादनाचा आकडा वाढवताना हा आकडा कुणी शेजारी लिहिला नाही तर त्याची किंमत मशीनवरचा माणूस भरतो. हायड्रोजन सल्फाइडने डोळे चुरचुरतात, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. जगभरच्या रेयॉन कारखान्यांत स्पिनिंगवाल्यांचा हा जुना आजार आहे. कार्बन डायसल्फाइड त्याहून कपटी. तो वर्षानुवर्षं अंगात जात राहिला तर हातापायांना मुंग्या येतात, झोप उडते, स्वभाव चिडका होतो, हृदयालाही धोका पोचतो. घरच्यांना वाटतं, माणूस बदलला.

सगळ्यात धोक्याची गोष्ट नाकाची आहे. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास थोडा असताना लगेच येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस टाकीत उतरतो, आणि वर येत नाही. कार्बन डायसल्फाइड तर ९०-१०० अंशांच्या नुसत्या तापलेल्या वाफेच्या पाइपावरही पेट घेऊ शकतो. म्हणून तो पाण्याच्या थराखाली साठवतात. पाण्यापेक्षा जड असल्याने तो खाली बसून राहतो.

स्पिनिंग मशीनला सरकत्या काचा असतात आणि आत हवा ओढणारे एक्झॉस्ट. तुटलेला धागा लावायला काच वर केली की तोंडावर वायू येतो. काम उरकायच्या घाईत काचा उघड्या ठेवायची सवय लागते. ती सवय मोडणं हे सुपरवायझरचं पहिलं काम, धाग्याचा दर्जा त्याच्या नंतर. आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: ज्या मशीनवर धागा कमी तुटतो तिथे काचा कमी उघडतात. पिकणं, अ‍ॅसिड, झिंक, फिल्टर यांचा मेळ बसलेला असला की फिलामेंट तुटत नाही, फिलामेंट तुटला नाही की माणसाला आत डोकं घालावं लागत नाही. चांगला बाथ हा मागवाल्याचा जितका मित्र, तितकाच मशीनवाल्याच्या डोळ्यांचा. नाक्यावर रेयॉनची चमक पाहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

१०. ओल्या कताईचे दुसरे धागेही याच शिस्तीत चालतात

अ‍ॅक्रिलिक हा पुरता कृत्रिम धागा, लाकूड-सेल्युलोज काही नाही. त्यातला बराचसा ओल्या कताईनेच निघतो. गुजरातेत झगडियाला वर्धमानचा कारखाना सोडियम थायोसायनेटच्या द्रावातून तो काततो. तिथे रसायन फुटत नाही. द्रावक धाग्यातून बाहेर जातो, बाथमधलं पाणी आत शिरतं, आणि या देवाणघेवाणीच्या वेगावर सगळं अवलंबून. पाणी फार जोराने आत घुसलं तर धाग्याच्या पोटात पोकळ्या राहतात आणि तो कमजोर, निस्तेज होतो. बाथमध्ये थोडा द्रावक आधीच ठेवून आणि तापमान सांभाळून हा वेग आवरतात. लायोसेलमध्ये जेट बाथच्या थोडा वर ठेवतात. धागा आधी हवेत ओढला जातो, मग पाण्यात शिरतो. तिथे कार्बन डायसल्फाइड लागतच नाही आणि द्रावक जवळजवळ सगळा परत वापरता येतो. आमच्या पिढीने जे वायू छातीत घेतले ते पुढच्या पिढीला घ्यावे लागू नयेत, म्हणून मला या धाग्याचं मनापासून कौतुक आहे. नाक्यावर तो आता दिसायला लागला आहे. भाव ऐकून लोक कोन परत ठेवतात, पण हात लावून बघतात.

११. लॉटची चिठ्ठी फेकू नका

सूत ओळखण्याचा पहिला उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: धागा जाळा. रेयॉन कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक गुठळी होते. पण रेयॉन-रेयॉनमधला फरक काडीने कळत नाही. त्यासाठी बीम भरण्याआधी प्रत्येक लॉटचे दोन-दोन कोन घ्या, हातमशीनवर त्यांची एकापुढे एक अशी मोज्यासारखी नळी विणा आणि थोड्या गडद निळ्या रंगात बुडवा. फिकट रंगात फरक लपतो, निळ्यात दिसतो. शंका राहिली तर वरळीला सास्मिरा आहे, १९५० पासून कृत्रिम रेशमाच्या कापडासाठीच काम करणारी संस्था. तिथे ताकद, लांबणं, डेनियर, आडवा छेद, सगळं तपासून मिळतं. तपासणीचा खर्च बिघडलेल्या एका बीमपेक्षा कमी.

आणि पेटीवरची चिठ्ठी. बहुतेक शेडमध्ये पेटी फुटली की चिठ्ठी झाडूबरोबर जाते. तिच्यावर लॉट, मशीन आणि तारीख असते. एका मागवाल्याला मी भिंतीवर खिळा ठोकायला लावला आणि प्रत्येक बीमच्या नंबरासोबत चिठ्ठी अडकवायची सवय लावली. पुढे त्याच्या कापडात पट्टा आला तेव्हा कारखान्याचा माणूस नेहमीप्रमाणे मागाला दोष द्यायच्या तयारीने आला होता. मागवाल्याने खिळ्यावरून चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. त्या माणसाने फोन लावून त्या तारखेची, त्या मशीनची पाळीची नोंदवही उघडायला सांगितली आणि बाथच्या अ‍ॅसिडचा आकडा वाचून घेतला. मग त्याने उरलेल्या पेट्या बदलून द्यायचं कबूल केलं.